दोन सेकंदांची गुणगुण

त्या रस्त्यावर दोन डॉक्टर होते, एक माणसांचा आणि एक गाड्यांचा. माणसांच्या डॉक्टरकडे काचेचं दार होतं, पदव्या लिहिलेली पाटी होती, बसायला खुर्च्या होत्या. तरीही कुणी नुसतं “डॉक्टरकडे जाऊन येतो” म्हणालं, की समोरचा विचारायचा, “का, गाडीला काय झालं?” त्यामुळे माणसांच्या डॉक्टरला लोक ‘खरे डॉक्टर’ म्हणायला लागले होते, आणि कुणालाही मुद्दाम ‘खरे’ म्हणायला लागलं की त्याची बाजू जरा पडकीच वाटते.

गाड्यांच्या डॉक्टरला हे नाव पडलं ते त्याच्या तपासण्याच्या पद्धतीमुळे. गाडी आली की तो बॉनेट उघडायचा, इंजिन चालू ठेवायला सांगायचा आणि हातभर लांबीच्या एका स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचा. त्याची मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि चेहरा इतका गंभीर करायचा की गाडीवाल्याला आपलीच नाडी बघताहेत असं वाटावं. टोक जरा इकडे, जरा तिकडे. मग डोळे उघडून म्हणायचा, “पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. अजून पंधरा दिवस काढेल.” बेअरिंगही आज्ञाधारक असावं. सोळाव्या दिवशी ती गाडी चार जणांनी ढकलत आणलेली असायची.

ही विद्या त्याला उस्तादाकडून मिळाली होती. उस्तादाने तिच्याबरोबर दोन नियमही दिले होते. पहिला, पेट्रोलच्या टाकीपाशी लोखंड न्यायचं नाही, ठिणगी कुणाला विचारून उडत नाही. दुसरा, टाकीतल्या पंपाचं काम केलं, तर पंपाचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. किल्ली अर्धी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि गप्प होतो. गुणगुण साफ असली तर सगळं जागच्या जागी आहे. ती घरघरली, तर पाइप नीट बसलेला नाही आणि पेट्रोल इंजिनात जायच्या ऐवजी मागच्या सीटखाली सांडणार. उस्ताद गेला, गॅरेजही कुणीतरी विकत घेऊन तिथे चपलांचं दुकान काढलं, पण हे दोन नियम डॉक्टरने तीस वर्षं मोडले नव्हते. बाकीचे सगळे नियम, म्हणजे वेळेवर जेवणं, पावती लिहिणं, हात धुऊन दाराला हात लावणं, हे त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षात मोडून दाखवले होते.

माणसाला एखादी गोष्ट चांगली येत असली की तो कधीतरी चारचौघांत जास्त बोलून बसतो. एका मोठ्या कंपनीतला इंजिनिअर संगणक घेऊन एका गाडीचा दोष दोन दिवस शोधत होता. डॉक्टरने तो चहा निवायच्या आत शोधला. त्या भरात, दहा माणसांसमोर, त्याने जाहीर करून टाकलं, “माझा कान ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी हे शटर मी माझ्या हाताने खाली ओढेन. परत वर करणार नाही.” त्या दहाही जणांनी ते ऐकून सोडून दिलं. अकरावा स्वतः डॉक्टर होता. तो ते विसरला नाही.

आणि गेली दोन-तीन वर्षं, त्याच्या मते, जगाचं काहीतरी बिघडलं होतं.

लोकांना बोलायचं वळणच राहिलं नव्हतं. अर्धे तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे आणि उरलेले भांडायला आल्यासारखे ओरडायचे. समोरचा पार्टवाला त्याचा बरोबरीचा मित्र, गाड्यांचे सुटे भाग विकणारा. पूर्वी गल्ल्यावर बसल्या बसल्या रस्त्यापलीकडून हाक मारून विचारायचा, “डॉक्टर, क्लच प्लेट आली, पाठवू का?” आता एवढंसं विचारायला दुकान सोडून, रस्ता ओलांडून, पार समोर येऊन उभा राहायचा. धंदा मंदावला बिचाऱ्याचा, बसून कंटाळतो, असं डॉक्टरने मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्याला चांगल्या मनाने चहा पाजत होता.

बायकोने तर वेगळंच खूळ घेतलं होतं. रस्त्याने चालताना कायम त्याच्या डाव्या हाताला. हा उजवीकडे सरकला की ती मागून वळसा घालून परत डावीकडे. घरी जेवायला बोलवायचं तर हाक मारायचं सोडून खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू करायची.

“अगं, बल्ब जाईल अशाने,” तो म्हणायचा.

“जाऊ दे. दुसरा आणू,” ती म्हणायची, आणि ताट वाढायला लागायची.

तर अशा त्या बिघडलेल्या जगात, एका भर उन्हाच्या दुपारी, विज्ञानाच्या बाई आपली आकाशी रंगाची गाडी घेऊन आल्या. बाई शाळेतून निवृत्त झाल्याला बारा वर्षं झाली होती, पण त्यांच्या आवाजाला ते कुणी कळवलं नव्हतं. गाडी चोवीस वर्षांची. बाईंनी ती प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यासारखी वापरली होती, त्यामुळे तिच्यावर एकही ओरखडा नव्हता, आणि ती ताशी चाळीसच्या पुढे कधी गेली असेल तर ती उतारावर, बाईंच्या मनाविरुद्ध.

“तापली की बंद पडते. सावलीत वीस मिनिटं उभी केली की परत चालू होते,” बाईंनी सांगितलं आणि हातातला कागद पुढे केला. कागदावर तेच लिहिलं होतं, क्रमांक घालून, तारखांसकट. दुसऱ्या मुद्द्याखाली रेघ ओढलेली.

“बाई, तोंडी सांगितलंत ना. मग लेखी कशाला?”

“तोंडी तू नववीतसुद्धा ऐकत नव्हतास.”

डॉक्टरने इंजिनला स्क्रूड्रायव्हर लावला. इंजिन ठणठणीत. मग पेट्रोलच्या पाइपला जोर मोजायचा काटा जोडून गाडी तापेपर्यंत चालू ठेवली. गाडी तापली तसा काटा हळूहळू खाली बसला, आणि त्याच्या मागोमाग इंजिनही.

“पंप थकलाय, बाई. टाकीतच बुडून असतो तो. चोवीस वर्षं झाली, आता ऊन लागलं की त्याला दम लागतो. नवा घालू. उद्या संध्याकाळी घेऊन जा.”

“मलाही ऊन लागलं की दम लागतो,” बाई म्हणाल्या. “माझं बघ काही जमतंय का.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काम सुरू केलं, आणि ते त्याच्या पद्धतीने, म्हणजे बघणाऱ्याला झोप येईल इतकं शिस्तीत. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं. पाइपांतलं उरलेलं पेट्रोल पिऊन ते आपोआप बंद पडलं. मग बॅटरीची तार काढली. मागची सीट उचलून गाडीबाहेर, गॅरेजच्या भिंतीशी ठेवली. सीटखाली पत्र्याचं झाकण, झाकणाखाली चोवीस वर्षांची धूळ, एक हरवलेली पेन्सिल आणि बाईंच्या कोणत्यातरी विद्यार्थ्याचं प्रगतिपुस्तक. त्याने ते उघडून पाहिलं. आपल्यापेक्षा वाईट गुण बघून त्याला बरं वाटलं. धूळ ओल्या फडक्याने टिपून घेतली, म्हणजे टाकीत पडायला नको. दोन पाइप हाताने दाबून सोडवले, तारांची चिमटी काढली. राहिली ती पंपाला टाकीच्या तोंडाशी धरून ठेवणारी मोठी रिंग. ती ठोकून फिरवावी लागते, आणि तिथे लोखंड चालत नाही. त्यासाठी त्याच्याकडे लाकडाची एक खुंटी होती. हातोड्याच्या जुन्या दांड्यातून त्याने स्वतः तासलेली, वीतभर लांब, वापरून वापरून काळी पडलेली. ती रिंगच्या कडेला लावायची आणि मागून लाकडी ठोकळ्याने हलके हलके ठोके द्यायचे. रिंग सुटली. जुना पंप वर आला तो कोळशासारखा काळा.

नवा पंप बसवला, नवं रबर घातलं, रिंग आवळली, पाइप जोडले, फ्यूज परत घातला, बॅटरीची तार लावली. मग नियमाप्रमाणे मागच्या दारातून आत वाकला, हात लांब करून किल्ली अर्धी फिरवली आणि कान दिला.

काहीच नाही.

परत फिरवली. काहीच नाही. त्याने पंपाच्या तारांना तपासणीचा छोटा दिवा लावून पाहिलं. दिवा दोन सेकंद लागला आणि विझला. म्हणजे वीज येतेय, वेळही बरोबर आहे, आणि पंप गप्प आहे. आता याच्यापुढे विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नवा पंपच मेलेला निघाला होता. सगळं परत उलट्या क्रमाने काढून तो पंप पुसून घेतला आणि पार्टवाल्याकडे नेऊन ठेवला.

“मेलेला दिलास.”

पार्टवाल्याने पंपाकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे पाहिलं. एरवी तो असल्या गोष्टीवर अर्धा तास वाद घालणारा माणूस. त्या दिवशी काही न बोलता त्याने फळीवरून दुसरा पंप काढून दिला. तिथेच डॉक्टरने ओळखायला हवं होतं.

दुसरा पंप बसला. किल्ली अर्धी फिरली. कान दिला. पहिल्यासारखीच शांतता, जराही कमी-जास्त नाही. शेजारच्या जागेत गाड्या धुणाऱ्याने पाणी बंद केलं होतं. रस्त्यावरही कुणी नव्हतं. तरीसुद्धा काही नाही. तपासणीचा दिवा लागला, दोन सेकंदांनी विझला, इमानदारीत.

डॉक्टर सीट नसलेल्या गाडीत गुडघ्यावर बसून राहिला. दोन नवे पंप, दोन्ही मेलेले? तीस वर्षांत एकही निघाला नव्हता. त्याने दिवा परत एकदा लावून पाहिला, आणि त्याच्यापुढचा विचार करायचं टाळलं. इतक्यात पार्टवाला दारात आला. एका हातात सकाळचा परत केलेला पंप, दुसऱ्या हातात छोटी बॅटरी.

“जरा बाहेर ये,” तो म्हणाला. डॉक्टरने ते त्याच्या ओठांवरून ओळखलं, पण आपण ओठांवरून ओळखतो हे त्याला अजून माहीत नव्हतं.

गाडीपासून दूर, फुटपाथच्या पायरीवर पार्टवाल्याने पंप त्याच्या हातात दिला. “धर घट्ट.” आणि दोन तारा बॅटरीला क्षणभर टेकवल्या.

पंप डॉक्टरच्या मुठीत थरथरला, पकडलेल्या चिमणीसारखा. पार्टवाल्याने कोरड्या पंपाच्या कर्कश आवाजाने डोळे बारीक केले, समोरून जाणारं कुत्रं दचकून थांबलं. डॉक्टरला काहीही ऐकू आलं नाही. हातात एवढं जिवंत काहीतरी, आणि भोवती नुसतं ऊन.

पार्टवाल्याने तारा काढल्या. “चालू आहे,” तो म्हणाला. “सकाळपासून चालूच होता.”

डॉक्टरने पंप त्याच्या हातात परत दिला, नीट, दोन्ही हातांनी. मग आत गेला, आणि आपल्या हाताने शटर खाली ओढलं.

यानंतर जे झालं त्यात थोडी गंमत होती, पण ती त्या वेळी आतल्या माणसाला कळणं शक्य नव्हतं. ऐकू येत नाही म्हणून ज्याने स्वतःला कोंडून घेतलंय, त्याचं दार वाजवून काय उपयोग? पार्टवाल्याने शटरवर थापा मारल्या. गाड्या धुणाऱ्यानेही येऊन मारल्या. डबा घेऊन आलेल्या बायकोने आधी थापा मारल्या, मग दोघांकडे बघून म्हणाली, “कुणासाठी वाजवताय? अख्खी गल्ली जागी होईल, हे नाही व्हायचे.” पार्टवाल्याने फोन करून बाईंनाही बोलावलं, गाडी त्यांचीच आत अडकली होती. कुणीतरी कुलूपवाल्याला बोलवायचं म्हणत होतं. बायकोने डबा उचलला आणि मागच्या अंगणाकडे वळली. “मागचं दार उघडं असतं. तीस वर्षांत त्याला कडी लावलेली मी बघितली नाही.”

आत डॉक्टर भिंतीशी ठेवलेल्या गाडीच्या सीटवर बसला होता. समोर खिळ्यांवर त्याची सगळी हत्यारं ओळीने टांगलेली. लांब स्क्रूड्रायव्हर मधोमध. शटर ओढलं खरं, पण त्याच्यापुढे माणसाने काय करायचं असतं ते त्याने कधी ठरवलं नव्हतं. त्याला पाठ होतं ते एवढंच वाक्य.

डोक्यावरचा बल्ब दोनदा बंद-चालू झाला.

“आलो,” डॉक्टर सवयीने म्हणाला. आणि मग तो त्या बल्बकडे बराच वेळ बघत राहिला.

बायको बटणापाशी उभी होती.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“काय कधीपासून?”

“हे दिव्याचं.”

“होतील की दोन वर्षं.” ती येऊन त्याच्या डाव्या बाजूला बसली. तो कान जरा बरा होता, हे तिला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

“आणि मला सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं. दोनदा. तुम्हाला ऐकू आलं नाही.”

पार्टवाला मागच्या दारातून आत आला. त्याला कुठे बघावं कळेना, म्हणून तो खिळ्यांवरची हत्यारं बघायला लागला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. हाका बंद झाल्या होत्या, हा रस्ता ओलांडून यायला लागला होता. धंदा मंदावला म्हणून याला चहा पाजत होतो आपण.

“तूसुद्धा?”

“अरे, चार पावलं तर आहेत,” पार्टवाला म्हणाला. “आणि चहा मिळायचा.”

“बाईसुद्धा. म्हणून तो कागद लिहून—”

“छे,” बाई दारातून म्हणाल्या. त्या उन्हातून चालत आल्या होत्या आणि त्यांना दम लागला होता. “कागद मी सगळ्यांनाच देते. दूधवाल्यालाही देते. उगाच स्वतःला खास समजू नकोस. उठ, माझ्या सीटवर बसलायस.”

तो उठला नाही. “बाई, मी शटरचं बोललो होतो. दहा लोकांसमोर. कान चुकला तर बंद. चुकला. चांगले दोन पंप मेलेले ठरवले मी. उद्या कुणाचे ब्रेक चांगले ठरवीन.”

तो म्हणत होता ते खरं होतं. ब्रेकच्या गोष्टीत माया कामाची नसते. बाईंनी पिशवीत हात घातला. पार्टवाल्याने फोनवर काय झालं ते सांगितलं होतं, त्यामुळे त्या तयारीने आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी नादकाटा काढला, शाळेतल्या प्रयोगशाळेत असतो तो, दोन पायांचा पोलादी चिमटा. निवृत्तीच्या दिवशी तो त्यांच्या पिशवीत कसा आला, हे शाळेने कधी विचारलं नाही.

त्यांनी तो गाडीच्या टायरवर आपटला आणि डॉक्टरच्या उजव्या कानाशी धरला.

“येतंय ऐकू?”

“नाही.”

“बरं.” त्यांनी परत आपटला, आणि आता त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, जिथे रोज स्क्रूड्रायव्हरची मूठ लागायची, तिथेच.

डॉक्टरचे डोळे आपोआप मिटले. आवाज आला. डोक्याच्या आतून, गोल, लांबलचक, एकही खाच नसलेला.

“काय?” बाईंनी विचारलं.

“बेअरिंग साफ आहे,” डॉक्टर म्हणाला.

बायको हसली, आणि हसता हसता तिने पदराने नाक पुसलं.

“तुझ्या आतलं यंत्र शाबूत आहे,” बाई म्हणाल्या, फळ्यासमोर उभं राहिल्यासारख्या. “आवाज भिंतीतून आत पोचतोय, दारातून येत नाहीये. दार का अडकलं ते खऱ्या डॉक्टरला विचार, तो मला कळणारा विषय नाही. पण तू तीस वर्षं भिंतीलाच कान लावून काम केलंस, म्हणून दार कधी बंद झालं ते तुला समजलंच नाही. इंजिनमध्ये चुकलास का कधी? ब्रेकमध्ये?”

डॉक्टरने विचार केला. नव्हता चुकला. जिथे स्क्रूड्रायव्हर टेकत होता तिथे नाही.

“मग लाव की तो स्क्रूड्रायव्हर टाकीला आणि ऐक एकदाचा पंप,” पार्टवाला म्हणाला.

“टाकीपाशी लोखंड न्यायचं नाही.”

“अरे, टाकी बंद आहे आता.”

“नाही न्यायचं म्हणजे नाही न्यायचं.”

पार्टवाल्याने हात टेकले. बाईंनी मात्र मान हलवली. नियम पाळणारा विद्यार्थी त्यांना उशिरा का होईना मिळाला होता. डॉक्टरने खिशात हात घातला, काही शोधायला नव्हे, हाताला कुठेतरी ठेवायचं म्हणून. आणि त्याच्या बोटांना खुंटी लागली. दुसऱ्यांदा रिंग आवळल्यावर त्याने ती खिशातच टाकली होती. वीतभर, काळी, लाकडाची.

तो उठला. गाडीच्या मागच्या दारातून आत शिरला, सीटच्या मोकळ्या जागेत आडवा झाला, खुंटीचं एक टोक पंपाच्या झाकणावर टेकवलं आणि दुसरं कानामागे. या अवस्थेत त्याचा हात किल्लीपर्यंत पोचत नव्हता, आणि दिसायलाही तो फार काही डॉक्टर दिसत नव्हता.

“अगं, किल्ली. अर्धीच फिरव.”

बायकोने पुढच्या सीटवर बसून किल्ली अर्धी फिरवली.

लाकडातून ती आली. दोन सेकंदांची गुणगुण, बारीक, एका पट्टीत, शेवटी किंचित वर चढून थांबणारी. किती दिवस ऐकली नव्हती आपण ही? त्याला आठवेना. गेल्या दोन वर्षांत त्याच्या हातून टाकीचं काम झालंच नव्हतं, आणि त्यापूर्वीची शेवटची गुणगुण त्याने शेवटची म्हणून ऐकली नव्हती.

“परत,” तो म्हणाला.

तिने परत फिरवली. गुणगुण.

“परत.”

किल्ली सातव्यांदा फिरली तेव्हा बाई म्हणाल्या, “गाडी चालू करायची आहे का हिला गाणं शिकवायचं आहे?”

“पाइप नीट बसलाय का ते बघतोय,” डॉक्टर आतून म्हणाला. पाइप पहिल्याच वेळेला नीट बसलेला होता, हे त्याला पहिल्याच वेळेला कळलं होतं.

“मार सेल्फ,” तो शेवटी म्हणाला. बायकोने उभ्या आयुष्यात गाडी चालवली नव्हती, पण किल्ली पूर्ण फिरवली, आणि चोवीस वर्षांचं ते इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. ती दचकून अशी उडाली की हॉर्न वाजल्याचा आरोप नंतर तिच्या कोपरावर आला.

पार्टवाल्याने जाऊन शटर वर ढकललं. दुसऱ्या कुणी वर करायचं नाही, असं त्या जुन्या वाक्यात नेमकं काही नव्हतं. बाहेर गाड्या धुणारा आणि आणखी तिघं-चौघं उभे होते. त्यांना सायलेन्सरमधून धूर दिसला, काम झाल्याचं कळलं, आणि ते पांगले.

गाडी संध्याकाळपर्यंत उन्हात चालू ठेवली. तापली, पण काटा जागचा हलला नाही. बाई निघताना डॉक्टर त्यांच्या खिडकीशी वाकला. काहीतरी बोलायचं होतं आणि ते कुठून धरावं कळत नव्हतं. इतक्या वर्षांचा मेकॅनिक, कोणताही नट कुठून धरावा ते त्याला कळायचं.

“बाई, तो नादकाटा...”

“शाळेचा आहे. मागू नकोस.”

“मागत नाही. एवढंच की, तुम्ही नववीत शिकवलं होतंत, आवाज लाकडातून, लोखंडातून जातो म्हणून. तेव्हा ऐकलं नव्हतं मी.”

“माहितेय,” बाई म्हणाल्या. “आज ऐकलंस ना. हजेरी लावते.” आणि ताशी वीसच्या वेगाने निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात बायकोने त्याला काचेच्या दाराकडे नेलं. तिथून कानाच्या डॉक्टरकडे जायची चिठ्ठी मिळाली. कानातलं एक बारीकसं हाड जाम झालंय, असं तिथे निघालं. “म्हणजे बुश जाम,” डॉक्टर म्हणाला, आणि तिथल्या डॉक्टरांनी बराच विचार करून ते मान्य केलं. कानात घालायचं यंत्र मिळालं. तो ते घरी घालतो आणि गॅरेजमध्ये काढून खिशात ठेवतो, कारण त्यातून हातोडा फार मोठा ऐकू येतो. टाकीच्या कामाला खुंटी असतेच. गाडीवाल्यांना तो आता सरळ सांगतो, “डाव्या बाजूला या आणि सावकाश बोला, ओरडू नका.” तरी ते ओरडतात. पूर्वी त्याला राग यायचा. आता हा माणूस आपल्यासाठी घसा दुखवतोय, एवढं तरी दिसतं.

सुरुवातीचे काही दिवस तो पार्टवाल्याला सांगून थकला. “आता यंत्र आहे. फोन कर, मी घालून ऐकतो. तिथूनच बोल.” पार्टवाला हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून पुन्हा समोर उभा. “पाय मोकळे होतात,” म्हणतो. दोन वर्षांत याने हा रस्ता किती वेळा ओलांडला असेल, याचा एकदा डॉक्टरने हिशेब करायला घेतला होता. मध्येच सोडून दिला आणि चहा मागवला, आणि कपात थोडा जास्त ओतला, तेवढंच.

घरी आता सगळं ऐकू येतं. नळाची थेंबथेंब, वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या, बायकोचं पुटपुटणं. ते पुटपुटणं कशाबद्दल असतं हेही आता कळतं, ही यंत्राची एक वाईट बाजू. ताट वाढलं की ती स्वयंपाकघरातून हाक मारते, “अहो, चला.” ती हाक त्याला स्वच्छ ऐकू येते. पण तो जागचा हलत नाही. पेपर समोर धरून, न वाचता, बसून राहतो. थोड्या वेळाने तिची पावलं येतात, बटणापाशी थांबतात, आणि डोक्यावरचा दिवा दोनदा बंद-चालू होतो.

मग तो उठतो.